पासवर्ड कुठे ठेवायचा: डोक्यात, वहीत, ब्राउझरमध्ये की वेगळ्या तिजोरीत?

पासवर्ड लांब असावा, प्रत्येक खात्याला वेगळा असावा आणि कोणाला सांगू नये, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे. बँक, म्युच्युअल फंड, आयकर, पीएफ, रेल्वे, वीजबिल, गॅस, मुलांच्या शाळेचं ॲप, दोन-तीन ईमेल, असं मोजत गेलं की साध्या नोकरदार घरातही यादी पानभर होते. एवढे वेगवेगळे पासवर्ड ठेवायचे कुठे? मी चारही मार्ग वापरून पाहिले आहेत: डोक्यातलं सूत्र, वही, ब्राउझर आणि पासवर्ड मॅनेजर. सध्या कुठे थांबलोय ते पुढे येईलच. पण तुमची गरज माझ्यासारखीच असेल असं नाही, त्यामुळे प्रत्येकातलं जे आवडलं तेही सांगतो.

अशा तुलनेत लोक आधी एन्क्रिप्शनकडे, म्हणजे साठवलेला मजकूर कुलूपबंद करायच्या तंत्राकडे वळतात. मी तिकडे फारसा जाणार नाही. नावाजलेल्या साधनांमध्ये ते पुरेसं चांगलं असतं आणि घरगुती वापरात माणूस त्यापायी अडत नाही. तो अडतो एका निरोपापाशी: 'आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे. कृपया नवीन पासवर्ड तयार करा.' हा निरोप हमखास नको त्या वेळी येतो. विवरणपत्राची शेवटची तारीख आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, आणि समोर हा निरोप. नवा पासवर्ड टाकला की कळतं, मागच्या काही पासवर्डांपैकी एकही चालणार नाही. वेगळा टाकला की कळतं, बारा अक्षरांच्या वर जायचं नाही. तो आखूड केला की कळतं, विशेष चिन्ह हवं. चिन्ह दिलं की कळतं, हे चिन्ह चालत नाही. आणि कोणती चालतात ते कुठेच लिहिलेलं नाही. पोर्टलचं नाव सांगत बसत नाही, असं एखादं तुमच्याही ओळखीचं असेल. माझा निर्णय या एका कटकटीने झाला. जो मार्ग हा निरोप आल्यावर माझा कमीत कमी वेळ खातो, तो माझा.

गंमत अशी की हा नियम ज्यांच्या नावावर चालतो त्यांनी तो केव्हाच सोडून दिलाय. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २००३ मध्ये एक दस्तऐवज काढला आणि त्यातलं पासवर्डविषयीचं परिशिष्ट बिल बर यांनी लिहिलं. कॅपिटल, अंक आणि चिन्हं मिसळा, ठरावीक काळाने बदला, हा सल्ला जगभर गेला तो मुख्यतः तिथून. निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना बर यांनी, आपण लिहिलेल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं सांगितलं. त्याच वर्षी एनआयएसटीनेही भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याची खूण दिसली तर बदलायला लावा, एरवी लावू नये. २०२५ च्या आवृत्तीत तर ती शिफारस न राहता सक्तीची अट झाली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षेसाठी सुचवलेल्या सेटिंगमधून मुदतीची अट काढून टाकली. तरी निरोप येतोच. एखादी ओळ एकदा ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये शिरली की तिला बाहेर काढायला कोणी सही करत नाही, असा माझा ऑफिसमधला अनुभव आहे. तेव्हा नियम शहाणा असो वा नसो, आपल्याला त्याच्यासोबत दिवस काढायचे आहेत.

आधी डोक्यातलं सूत्र. हे बहुतेक जण वापरतात, फक्त त्याला सूत्र म्हणत नाहीत. एक ठरलेला शब्द, त्याला साइटच्या नावातली दोन-तीन अक्षरं, मग एक चिन्ह आणि शेवटी आकडा. फुकट आहे, सोबत काही बाळगावं लागत नाही, मोबाइल हरवला तरी अडत नाही. ज्यांची खाती मोजकी आहेत आणि ज्यांच्या नशिबी मुदतवाली पोर्टलं नाहीत, त्यांचं यावर बरंच निभतं. फक्त आपलं सूत्र जगावेगळं आहे या भ्रमात राहू नये. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या मजकुरात बाहेर पडले. माणसं पासवर्ड कसे रचतात याचा एवढा मोठा नमुना पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाती आयता पडला, आणि त्यानंतर असे नमुने वाढतच गेले. देवाचं नाहीतर मुलीचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मागे @ आणि १२३ किंवा जन्मवर्ष. आपल्याला हे खास घरचं वाटतं. त्यांच्या यंत्रात हा साचा अगदी वरच्या रांगेत बसलेला असतो. ही सवय लागायला आपल्याकडे हातभारही बराच लागतो. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष टाकावं लागतं. त्या फाइलपुरतं ते ठीक आहे म्हणू, पण पासवर्ड म्हणजे असंच काहीतरी असतं हे मनात पक्कं बसतं.

सूत्र खरं हरतं ते मुदतीपाशी. शेवटच्या १ चा २ करायचा, पुढच्या वेळी ३. वर्षभरात प्रश्न पडतो की या पोर्टलवर आपण कितव्या आकड्यावर आहोत? दोन-तीन अंदाज चुकले की खातं लॉक. मग 'पासवर्ड विसरलात?', मग ओटीपी, मग पुन्हा नवा पासवर्ड, म्हणजे आणखी पुढचा आकडा. शिवाय जिथे @ चालत नाही तिथला अपवाद वेगळा, जिथे बाराच अक्षरं तिथला वेगळा. बघता बघता सूत्र एक आणि अपवाद दहा होतात आणि ते सगळे लक्षातच ठेवावे लागतात. म्हणजे ज्यासाठी सूत्र केलं होतं तेच गेलं. आणि एवढं करून पदरात काय पडतं? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तिथल्याच ७,७०० हून अधिक बंद खात्यांचे जुने पासवर्ड एकापुढे एक लावून तपासले. आधीचा पासवर्ड हाती असेल तर ४१ टक्के नवे पासवर्ड संगणकाला तीन सेकंदांच्या आत काढता आले, आणि १७ टक्के खात्यांत तर पाचपेक्षा कमी अंदाजांत काम झालं. १ चा २ करणारे आपण एकटे नाही, एवढाच त्यातला दिलासा.

वहीला हसणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. ब्रूस श्नायर हे सुरक्षाशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं की लक्षात राहणार नाही इतका चांगला पासवर्ड घ्या आणि तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण कागदाचे छोटे तुकडे सांभाळायची आपल्याला सवय आहे. परदेशात बसून पासवर्ड फोडणारा माणूस सांगलीतल्या कपाटाच्या लॉकरपर्यंत पोचत नाही. आमच्या घरी आई-बाबांची वहीच आहे आणि मी ती बदलायच्या भानगडीत पडलेलो नाही. वहीला चार्जिंग लागत नाही, अपडेट लागत नाही, आणि उद्या घरातलं कोणी अचानक गेलं तर मागे राहिलेल्यांना ती उघडता येते. हा शेवटचा मुद्दा मॅनेजरवाले फार घाईने उडवून लावतात.

तरी वहीचे दोन त्रास आहेत. एक, हस्ताक्षर. स्मॉल एल, कॅपिटल आय आणि आकडा एक. शून्य आणि इंग्रजी ओ. बाबा फोनवर वाचून दाखवतात, "बी फॉर बॉम्बे, मग पाच... की एस आहे रे हा?" आणि तिसऱ्या चुकीला बँक दार लावून घेते. यावर उपाय आहे. वहीत ठेवायचा पासवर्ड अक्षरांच्या गुंत्याऐवजी शब्दांचा करायचा. ब्रिटनची एनसीएससी ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था गेली कित्येक वर्षं 'तीन असंबद्ध शब्द' हाच सल्ला देते आहे. शब्द फोनवर सांगता येतात आणि वाचताना चुकत नाहीत. अक्षरमर्यादा आडवी आली तर दोन शब्दांवर भागवावं लागतं, ते तेवढं बरं नाही.

दुसरा त्रास अर्थातच मुदत. वही ही एकदा लिहून ठेवण्यासाठी असते, आणि इथे दर काही महिन्यांनी एक ओळ खोडायची. खोडलेल्यावर लिहिलेलं, समासात लिहिलेलं, बाण काढून मागच्या पानावर नेलेलं. कोणतं ताजं? त्यात वही एका गावात आणि बदल करणारा दुसऱ्या गावात. मी पुण्यातून बाबांच्या एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलतो, फोन करून सांगतो, ते लिहून घेतात. पण सांगायचं राहिलं की वही आणि पोर्टल यांची फारकत झालीच. एका खात्याला एक अख्खं पान आणि प्रत्येक पासवर्डापुढे तारीख, एवढी शिस्त पाळली तर वही चालते. आई ती पाळते. मला जमत नाही.

ब्राउझरबद्दल लांबण लावत नाही, कारण तुमच्यातले बहुतेक आत्ता तिथेच असणार. क्रोम स्वतः पासवर्ड सुचवतं, साठवतं, मोबाइलवर नेतं, फुटलेल्या यादीत सापडला तर सांगतं. आयफोनवाल्यांना २०२४ च्या आयओएस १८ पासून 'पासवर्ड्स' नावाचं वेगळं ॲपच मिळालंय आणि घरात सगळं ॲपलचं असेल तर ते मस्त आहे. या दोघांचा एक गुण फार कमी बोलला जातो: ते वेबसाइटचा पत्ता बघून पासवर्ड भरतात. बँकेसारखं दिसणारं खोटं पान आलं तर आपण फसू, ब्राउझर तिथे गप्प बसतो. रिकामी राहिलेली चौकट हाच इशारा. चारही मार्गांपैकी सूत्राकडे आणि वहीकडे हे नाही.

मुदतीचा निरोप आला की मात्र ब्राउझर गोंधळतो, निदान माझ्याकडे गोंधळतो. पासवर्ड बदलायच्या पानावर तीन चौकटी असतात: जुना, नवा, पुन्हा नवा. ब्राउझर कधी भलत्या चौकटीत भलतं भरतो. 'नवीन पासवर्ड साठवायचा का?' ही पट्टी वर येते न येते तोच पोर्टल आपल्याला लॉगिनच्या पानावर ढकलतं आणि पट्टी निघून जाते. आता पोर्टलकडे नवा आहे, ब्राउझरकडे जुना, आणि तो नवा ब्राउझरनेच सुचवलेला असल्यामुळे आपल्याला तो कधी नीट दिसलेलाही नाही. किंवा उलट होतं: पोर्टल नवा पासवर्ड नाकारतं, पण ब्राउझरने तो साठवून जुना पुसलेला असतो. बायकोची आणि माझी एकाच साइटवरची दोन खाती, शिवाय एकाच संस्थेचे दोन पत्ते, म्हणजे यादीत चार सारख्या दिसणाऱ्या नोंदी. यातली खरी कोणती, हे एकेक करून बघायचं, आणि अंदाज तीनच. अलीकडच्या आवृत्त्यांत यातलं थोडं सुधारलंय, आणखीही सुधारेल. तुमच्याकडे मुदतवाली खाती नसतील तर तुम्हाला माझी ही तक्रार परकी वाटेल. दुसरी एक किरकोळ कुरकुर: लॅपटॉपचा पिन ज्याला माहीत, त्याला सगळे पासवर्ड दिसतात. आमच्याकडे तो पिन मुलालाही माहीत आहे, कारण शाळेचे प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर होतात.

उरला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे वेगळी तिजोरी. यातही दोन जाती आहेत. एक, जिची कुलूपबंद प्रत कंपनीच्या सर्व्हरवर राहते: बिटवॉर्डन, वनपासवर्ड, लास्टपास वगैरे. दुसरी, जिची फाइल तुमच्याकडेच राहते: कीपास आणि त्याचं गोत. लास्टपासचं २०२२ चं प्रकरण आठवत असेल. चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच पळवल्या. पासवर्ड कुलपात होते, पण कोणत्या साइटवर खाती आहेत ते पत्ते उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड भक्कम होता त्यांना घाबरायचं फार कारण नव्हतं, पण कच्चा होता त्यांची प्रत आता कायमची दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो फुरसतीने अंदाज करत बसू शकतो. यावरून कंपनीची तिजोरी वाईट असा निष्कर्ष मी काढणार नाही. मुख्य पासवर्डात काटकसर करू नये, एवढा मात्र नक्की काढतो.

पहिल्या जातीत मी बिटवॉर्डन सुचवेन. कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, फुकट खात्यात हवी तेवढी साधनं जोडता येतात, आणि मोबाइलवर केलेला बदल लॅपटॉपवर आपोआप दिसतो. बायकोसाठी मी हेच लावून दिलं आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र घरात मिळत नसतं. मुदतीच्या कसोटीवरही ते बरं उतरतं, कारण प्रत्येक नोंदीचे मागचे पाच पासवर्ड ते जपून ठेवतं. पोर्टलने नवा नाकारला तर जुना हातचा गेलेला नसतो. पैसे भरलेल्या खात्यात आणीबाणीची सोय आहे: तुम्ही नेमलेल्या माणसाने मागणी केली आणि ठरवलेल्या मुदतीत तुम्ही नकार दिला नाही, तर त्याला तुमची तिजोरी बघता येते. वहीच्या त्या शेवटच्या मुद्द्याला दिलेलं हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

मी स्वतः मात्र कीपासच्या बाजूला आहे. नेमकं सांगायचं तर लॅपटॉपवर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स. दोन्ही फुकट, दोन्ही एकच केडीबीएक्स फाइल, म्हणजे कीपासची तिजोरी, उघडतात. मूळ कीपास २००३ पासून चालू आहे, म्हणजे बर यांच्या परिशिष्टाच्याच वयाचं. दिसायला रुक्ष आहे. पहिल्यांदा उघडल्यावर जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरची आठवण येते. पण मुदतीचा निरोप आला की ते काय करतं ते बघा.

आधी तिजोरीत नवा पासवर्ड तयार करून साठवायचा, मग तो पोर्टलला द्यायचा. हा क्रम महत्त्वाचा. म्हणजे पोर्टलने पानं कशीही पळवली तरी नवा पासवर्ड आपल्याकडे लिहिलेला आहे. त्याने नाकारला तर नोंदीच्या इतिहासात जुना पडलेला आहेच. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक नोंदीच्या मागच्या दहा अवस्था राहतात आणि त्यात नुसता पासवर्ड नाही, त्या वेळची टिपणंसुद्धा असतात. टिपणात मी त्या पोर्टलचे न लिहिलेले नियम लिहून ठेवतो: 'जास्तीत जास्त बारा, चिन्हांपैकी फक्त @ आणि #, पहिलं अक्षर आकडा नको.' पुढच्या वेळी जनरेटरमध्ये, म्हणजे पासवर्ड तयार करून देणाऱ्या भागात, तेवढीच चिन्हं ठेवली की पहिल्या फटक्यात काम होतं. सारखी दिसणारी अक्षरं वगळायचाही पर्याय आहे, तो मी कायम चालू ठेवतो. एल आणि एकचा प्रश्न तिथेच मिटतो. आणि प्रत्येक नोंदीला मुदतीची तारीख लावता येते. पोर्टल जेव्हा बदलायला लावणार त्याच्या थोडी आधीची तारीख टाकतो. ती टळली की नोंद यादीत वेगळी उठून दिसते, आणि मी एखाद्या निवांत रविवारी, पोर्टलने विचारायच्या आधीच, पासवर्ड बदलून मोकळा होतो. जुलैअखेरच्या रात्रीचा तो प्रसंगच टळतो.

दुसरी एक गोष्ट, जी कदाचित एकट्यानेही पारडं झुकवेल. काही बँका आणि सरकारी पोर्टलं पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू देत नाहीत. यात सुरक्षितता वाढते असा समज आहे. एनसीएससीने २०१७ मध्ये याविरुद्ध चक्क एक लेख लिहून, लोकांना पेस्ट करू द्या, असं विनवलं होतं, कारण पेस्ट बंद केली की माणूस मॅनेजर सोडून पुन्हा सोप्या पासवर्डकडे जातो. कीपासएक्ससीमध्ये ऑटो-टाइप आहे. ते पेस्ट करत नाही, तुमच्या वतीने एकेक कळ दाबल्यासारखं टाइप करतं, त्यामुळे पोर्टलला फरक कळत नाही. मोबाइलवर कीपासडीएक्सचा स्वतःचा मॅजिकीबोर्ड आहे. कीबोर्ड बदलायचा, नोंद निवडायची, तो भरून देतो. एक सावधगिरी सांगायलाच हवी. ऑटो-टाइप खिडकीचं शीर्षक बघून चालतं, वेबसाइटचा पत्ता तपासत नाही, म्हणजे खोट्या पानावरही ते आज्ञाधारकपणे टाइप करेल. म्हणून एरवी कीपासएक्ससीचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, वापरतो, जे पत्ता तपासतं. ऑटो-टाइप फक्त अडेल पोर्टलांसाठी, आणि तेही पत्ता स्वतः वाचून.

आता याची गैरसोय, तीही छोटी नाही. फाइल इकडून तिकडे नेणं हे तुमचं काम. मी ती गूगल ड्राइव्हवर ठेवतो. कुलूपबंद फाइल असल्यामुळे त्याची धास्ती वाटत नाही. पण लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हीकडे एकाच वेळी बदल केले तर दोन प्रती तयार होतात आणि त्या एकत्र कराव्या लागतात. कीपासएक्ससीत त्यासाठी दोन फाइल एकत्र करायची सोय आहे, ती चांगली चालते, पण हे करायची वेळ आली की ज्याला संगणकाचा कंटाळा आहे तो तिथेच सोडून देईल. मी बदल फक्त लॅपटॉपवर करतो आणि मोबाइलवर फक्त वाचतो, त्यामुळे निभतं. तुम्ही बहुतेक काम मोबाइलवरच करत असाल, तर खरं सांगतो, बिटवॉर्डन घ्या. आयफोन असेल तर कीपासियम आणि स्ट्राँगबॉक्स ही ॲप्स तीच फाइल उघडतात, पण ती मी रोजच्या वापरात पाहिलेली नाहीत.

कोणतीही तिजोरी घेतली तरी डोक्यात तीन गोष्टी राहाव्याच लागतात: मोबाइलचं लॉक, मुख्य ईमेलचा पासवर्ड आणि तिजोरीचा मुख्य पासवर्ड. आपल्याकडे पैशाच्या व्यवहाराला ओटीपी असतो म्हणून लोक पासवर्डबाबत निर्धास्त असतात, पण बाकी बहुतेक खात्यांची 'विसरलात?' ची लिंक ईमेलवर जाते हे विसरतात. मुख्य पासवर्डसाठी फाशांची पद्धत मला अजून सगळ्यात पटते. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ती डाइसवेअर या नावाने मांडली. फासा पाच वेळा टाकायचा, येणारा पाच आकडी क्रमांक यादीत शोधायचा, तो शब्द घ्यायचा. यादीत सहाचा पाचवा घात, म्हणजे ७,७७६ शब्द. सहा शब्द घेतले तर साधारण ७७ बिट होतात (पासवर्ड ओळखणं किती अवघड, याचं हे माप), घरगुती तिजोरीला हे भरपूर आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ मध्ये सोप्या शब्दांची नवी यादी काढली, कीपासएक्ससी तीच वापरतं. शब्द आपण निवडायचे नाहीत, फाशाने निवडायचे, यातच त्याचा जोर आहे. आपण निवडले की आंबा, समुद्र, पाऊस हेच येतात.

शब्द मराठी घ्यायचे का? मला मोह झाला होता. लक्षात छान राहतात. अडचण अशी की रोमनमध्ये लिहिताना एकाच शब्दाची स्पेलिंगं तीन होतात. 'वहिनी' ला शेवटी एक आय की दोन ई? 'पाऊस' मध्ये ए किती? सहा शब्दांत प्रत्येकी दोन शक्यता धरल्या तरी आपणच आपल्याला कुलूपबंद करून घेऊ. घ्यायचेच असतील तर ज्यांचं स्पेलिंग एकच होतं असे छोटे शब्द घ्यावेत. थेट देवनागरीत ठेवायचा विचारही करू नका. लॉगिनच्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड सापडेल याची खात्री नसते. हा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, कपाटात मृत्युपत्राच्या कागदांजवळ ठेवला आहे आणि बायकोला ती जागा माहीत आहे. म्हणजे शेवटी एक पान वहीचं उरलंच. कीपासला 'विसरलात?' ची लिंक नसते, त्यामुळे हे पाकीट ऐच्छिक समजू नका.

पासकी, म्हणजे पासवर्ड न टाकता मोबाइल किंवा लॅपटॉपच्या लॉकनेच लॉगिन करायचा नवा प्रकार, या सगळ्याला बाजूला सारेल असं म्हणतात, आणि जिथे मिळते तिथे मी ती घेतो. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी दोन्ही ती साठवतात. पण ज्या पोर्टलांनी मला छळलं त्यांच्यावर ती अजून दिसलेली नाही, आणि ती तिथे सगळ्यांत शेवटी येईल असा माझा अंदाज आहे.

तेव्हा आई-बाबांना वही द्या, पानाला एक खातं आणि पुढे तारीख. मोजकी खाती आणि एकाच कंपनीची साधनं असतील तर ब्राउझरमध्ये निवांत राहा. घरात दोघांनी वापरायचं असेल आणि देखभाल नको असेल, तर बिटवॉर्डन. आणि मुदतीचा निरोप बघून तुमचंही डोकं फिरत असेल तर कीपासएक्ससी एकदा लावून बघा. सुरुवात सगळी खाती एकदम हलवून करू नका. ईमेल, बँक आणि जे पोर्टल सर्वात जास्त छळतं ते, एवढीच आधी न्या. बाकीची जसजशी उघडाल तसतशी जातील. क्रोममधले पासवर्ड एकगठ्ठा बाहेर काढता येतात, पण ती सीएसव्ही फाइल, म्हणजे साधी यादी, उघड्या मजकुराची असते. आयात झाली की डाउनलोड्समधून पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा, आणि तो फोल्डर ड्राइव्हशी जोडलेला असेल तर तिथल्या कचरापेटीतही एकदा डोकवा.